रंग आणि इपॉक्सीने किचन ओट्याला मार्बल फिनिश कसा द्यायचा? साहित्य, हिशेब, कृती आणि काळजी

हा व्हिडिओ तुम्ही कुठे ना कुठे नक्की पाहिला असेल. जुना, डाग पडलेला किचन ओटा, त्यावर पांढरा रंग, मग राखाडी रेघा, मग वरून काचेसारखं काहीतरी ओतलं जातं आणि अर्ध्या मिनिटात चकचकीत इटालियन मार्बल तयार!

मीही असाच एक व्हिडिओ आईला दाखवला. आमचा ओटा कडप्प्याचा, वीस-पंचवीस वर्षं जुना, तेल पिऊन ठिकठिकाणी राखाडी पडलेला. आईने व्हिडिओ शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "छान दिसतंय रे, पण गॅसवरून उतरवलेला कुकर कुठे ठेवायचा?"

व्हिडिओमध्ये याचं उत्तर नव्हतं. ते शोधायला मी बसलो आणि लक्षात आलं की या कामात रंगकाम हा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे वरचा पारदर्शक थर, कारण तिथे कलाकुसर नाही तर केमिस्ट्री चालते. आजच्या लेखात आपण हे फिनिश म्हणजे काय, इपॉक्सी कसं काम करतं, किती लागतं, स्टेप बाय स्टेप कृती काय आणि हे कुठे करू नये, हे सगळं पाहणार आहोत.

## फॉ मार्बल म्हणजे काय?

"फॉ" हा फ्रेंच शब्द, अर्थ खोटा किंवा नकली. साध्या पृष्ठभागावर रंगाने संगमरवराचा भास निर्माण करणं म्हणजे फॉ मार्बल. ही कल्पना अजिबात नवीन नाही. इटलीतल्या पॉम्पेई शहरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंतींवर गिलाव्याला रंग देऊन मार्बलच्या लाद्या बसवल्याचा भास केलेला आजही दिसतो. खरा दगड महाग होता, रंग स्वस्त होता. कारण तेव्हाही हेच होतं!

आजच्या पद्धतीत तीन थर असतात:

१. बेस: प्राइमर आणि त्यावर पांढरा किंवा ऑफ व्हाइट रंग.
२. शिरा: राखाडी रंगाच्या छटांनी काढलेल्या मार्बलच्या रेघा.
३. इपॉक्सी: वरचा पारदर्शक, चकचकीत आणि कडक थर.

पहिल्या दोन थरांमुळे ओटा मार्बलसारखा दिसतो. तिसऱ्या थरामुळे तो वापरता येतो.

## इपॉक्सी म्हणजे काय आणि ते कसं काम करतं?

तुम्ही अ‍ॅराल्डाइट वापरलं असेल तर इपॉक्सी तुम्हाला आधीच माहीत आहे. दोन ट्यूब, सारखं मिसळायचं आणि तुटलेली वस्तू चिकटवायची. ओट्यासाठीचं इपॉक्सी त्याच कुटुंबातलं, फक्त पातळ, पारदर्शक आणि स्वतःहून पसरणारं.

यात दोन भाग असतात. एक रेझिन आणि दुसरा हार्डनर. रेझिन बहुतेक वेळा बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनवलेलं असतं, तर हार्डनरमध्ये अमाइन प्रकारची रसायनं असतात. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि सगळीकडून बांधलेलं एक जाळं तयार होतं. हे जाळं एकदा तयार झालं की पुन्हा वितळवता येत नाही.

इथे एक महत्त्वाची गोष्ट समजून घ्या. रंग वाळतो, म्हणजे त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. इपॉक्सी वाळत नाही, ते क्युअर होतं, म्हणजे त्यात रासायनिक अभिक्रिया होते. या फरकातून तीन गोष्टी निघतात:

- "लवकर वाळावं म्हणून थोडं जास्त हार्डनर घालू" हा विचार पूर्णपणे चुकीचा आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडायला रेझिन उरत नाही आणि थर कायम चिकट किंवा मऊ राहतो.
- पंखा लावल्याने इपॉक्सी लवकर कडक होत नाही, फक्त त्यावर धूळ बसते.
- अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. मगमध्ये जास्त इपॉक्सी तसंच ठेवलं तर उष्णता आतच साठते, अभिक्रिया आणखी वेगाने होते आणि मग हातात धरता येणार नाही इतका तापतो. कधी कधी धूरही येतो.

आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर रंग म्हणजे गूगल डॉक, चुकलं की अनडू. इपॉक्सी म्हणजे प्रॉडक्शन डेटाबेसवर चालवलेली डिलीट क्वेरी. म्हणून चालवण्याआधी तपासणी करायची.

## आधी तपासा: तुमचा ओटा यासाठी योग्य आहे का?

उष्णता: हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा. खोलीच्या तापमानाला क्युअर होणारं साधं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. या तापमानाला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. आता आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. नुकतंच उकळलेलं दूध १०० अंशांच्या आसपास असतं. शिट्टी झालेल्या कुकरच्या आत साधारण १२० अंश असतात. पोळ्या झाल्यावर तवा २०० अंशांच्या वर असू शकतो. यातलं काहीही थेट ठेवलं तर गोल, निस्तेज ठसा उमटतो आणि तो पुसून जात नाही.

खास ओट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या इपॉक्सीची उष्णता सहन करण्याची क्षमता जास्त असते. पण लेबलवर किती अंश आणि किती वेळ, हे दोन्ही पाहा. नुसतं "हीट रेझिस्टंट" या शब्दांना अर्थ नाही.

उतार: आपल्याकडचे अनेक जुने ओटे पाणी वाहून जावं म्हणून सिंकच्या बाजूला किंचित उतरते असतात. इपॉक्सी स्वतःची पातळी स्वतः शोधतं. मग उतारावर ओतलं की ते खालच्या बाजूला जमा होणार आणि वरच्या बाजूला पातळ राहणार. गवंडी वापरतात ती पाणसळ ठेवून आधी पातळी तपासा. उतार असेल तर एकच जाड थर ओतू नका, रोलरने दोन-तीन पातळ थर द्या.

ओल: दगडाखालून किंवा भिंतीतून ओल येत असेल तर आधी ती थांबवा. नाहीतर काही महिन्यांत थर फुगून सुटतो.

भेगा आणि हलणारा दगड: दगड हलत असेल तर वरचा थर तडकणारच. आधी दगड पक्का करून घ्या.

भाड्याचं घर: मालकाला विचारल्याशिवाय करू नका. हा थर नंतर काढायचा तर घासून किंवा हीट गनने मऊ करून खरवडूनच निघतो.

## इपॉक्सी किती लागेल? सोपा हिशेब

लक्षात ठेवायचं सूत्र एकच: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे १ लिटर.

उदाहरण घेऊ. ओटा ८ फूट लांब आणि २ फूट रुंद.

- क्षेत्रफळ: ८ × २ = १६ चौरस फूट, म्हणजे साधारण १.५ चौरस मीटर.
- थराची जाडी २ मिमी धरली तर: १.५ × २ = ३ लिटर.
- पुढची पट्टी, कडेवरून गळणारं आणि मगला चिकटून राहणारं मिळून १५ टक्के जास्त: साधारण ३.५ लिटर.

हे रेझिन आणि हार्डनर मिळून आहे. सिंकचा आणि गॅसचा भाग वगळणार असाल तर तेवढं क्षेत्रफळ वजा करा. कमी पडलं तर मध्येच बाजारात धावता येत नाही, म्हणून थोडं जास्तच घ्या.

## लागणारं साहित्य

- डिशवॉश लिक्विड, गरम पाणी, जाड घासणी, अ‍ॅसिटोन
- पॉलिश पेपर: ८०, १२० आणि २२० नंबर
- गुळगुळीत पृष्ठभागाला चिकटणारा बाँडिंग प्राइमर
- वॉटर बेस्ड अ‍ॅक्रिलिक रंग: पांढरा, काळा आणि थोडा तपकिरी
- रोलर, एक बारीक ब्रश, एक मऊ रुंद ब्रश, स्पंज, पाण्याची स्प्रे बाटली
- काउंटरटॉपसाठीचं इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर
- ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा वजनकाटा किंवा मापाच्या खुणा असलेले मग
- चपट्या काठ्या, दातेरी पत्रा, हीट गन
- मास्किंग टेप, प्लास्टिक शीट, नायट्राइल हातमोजे, गॉगल, मास्क

दोन सूचना. भिंतीला लावतात ते डिस्टेंपर बेससाठी वापरू नका. त्याची पावडर सुटते आणि त्याबरोबर वरचा इपॉक्सीचा थरही सुटतो. ऑइल पेंटही टाळा. तो आतून वाळायला बरेच दिवस घेतो, कालांतराने पिवळा पडतो आणि त्याच्या गुळगुळीत थरावर इपॉक्सीची पकड नीट बसत नाही.

## कृती: स्टेप बाय स्टेप

स्टेप १: तेल काढा. कडप्पा हा चुनखडीचा दगड, तो तेल शोषतो. गरम पाणी आणि डिशवॉश लिक्विडने दोन-तीन वेळा घासा, पूर्ण कोरडा होऊ द्या आणि मग अ‍ॅसिटोनने पुसा. तपासायचं कसं? थोडं पाणी शिंपडा. पाणी सारखं पसरलं तर ठीक. काही ठिकाणी थेंब गोळा होऊन राहिले तर तिथे अजून तेल आहे. सिंकभोवतीचं जुनं सिलिकॉन सीलंट ब्लेडने पूर्ण काढा. त्यावर इपॉक्सी कधीच चिकटत नाही, गोल खड्डे पडतात.

स्टेप २: घासा. ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण पृष्ठभाग खरबरीत करा. चकाकी गेली पाहिजे. भेगा आणि टवके इपॉक्सी पुट्टीने भरा, वाळल्यावर पुन्हा घासा. धूळ ओल्या फडक्याने पुसा.

स्टेप ३: प्राइमर आणि बेस. प्राइमरचा एक थर, मग पांढऱ्या रंगाचे दोन पातळ थर. दोन थरांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. शेवटच्या थरानंतर किमान २४ तास थांबा. इथे घाई नको, कारण इपॉक्सी दगडाला नाही तर या रंगाला चिकटणार आहे. रंगाची पकड कच्ची असेल तर वरचा कडक थर रंगासकट उचलला जातो. जास्त टिकाऊ काम हवं असेल तर अ‍ॅक्रिलिकऐवजी इपॉक्सी प्राइमर आणि इपॉक्सीतच मिसळलेला पांढरा पिगमेंट वापरतात. खर्च वाढतो, पण सगळे थर एकाच जातीचे होतात.

स्टेप ४: शिरा काढा. आधी खऱ्या मार्बलचे फोटो बघा. मार्बल म्हणजे जमिनीखाली उष्णता आणि दाबाने बदललेला चुनखडीचा दगड. त्यात मिसळलेली माती, लोहाचे क्षार यांसारख्या अशुद्धींमुळे शिरा तयार होतात. म्हणून शिरांना साधारण एक दिशा असते. त्या जाड-बारीक होतात, फांदीसारख्या फुटतात आणि मध्येच विरून जातात. इटलीतल्या कॅरारा मार्बलची पार्श्वभूमी फिकट राखाडी आणि रेघा नाजूक असतात. कॅलाकट्टामध्ये पार्श्वभूमी जास्त पांढरी आणि रेघा ठळक असतात. कोणता हवा ते आधीच ठरवा.

- पांढऱ्यात थोडा काळा आणि अगदी थेंबभर तपकिरी मिसळून राखाडीच्या तीन छटा करा. नुसता काळा वापरू नका.
- सर्वात फिकट छटेत पाणी घालून स्पंजने ढगांसारखे अस्पष्ट पट्टे द्या.
- पाणी हलकं फवारा. मधल्या छटेने, ब्रश सैल धरून आणि बोटांत फिरवत, तिरक्या रेघा ओढा.
- लगेच मऊ कोरड्या ब्रशने रेघेची एक कड पुसट करा. एक कड पुसट आणि एक स्पष्ट राहिली की रेघ दगडाच्या आत असल्यासारखी दिसते.
- शेवटी गडद छटेने मोजक्याच बारीक रेघा. फांद्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या फुटू द्या, फुलीसारख्या एकमेकींना छेदू देऊ नका.
- मुख्य रेघ पुढच्या पट्टीवरून खाली न्या. रेघ कडेलाच थांबली की नकलीपणा लगेच कळतो.

आवडलं नाही तर पांढरा मारा आणि पुन्हा काढा. अनडू करायची संधी फक्त इथपर्यंतच आहे. झाल्यावर २४ तास वाळू द्या.

स्टेप ५: परिसर तयार करा. खालची कपाटं आणि फरशी प्लास्टिकने झाका. गॅसची शेगडी हलवा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर स्वयंपाकघराबाहेर ठेवा. काम सकाळी करा. संध्याकाळी दिव्यावर येणारे किडे थेट ओल्या इपॉक्सीत पडतात.

स्टेप ६: मिसळा. लेबलवरचं प्रमाण वाचा आणि ते वजनाचं आहे की आकारमानाचं हे पाहा. यावर खाली वेगळं लिहिलं आहे. हळूहळू ३ ते ५ मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडत राहा. मग ते दुसऱ्या स्वच्छ मगमध्ये ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा. पहिल्या मगच्या भिंतीला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन ओट्यावर जाऊ नये म्हणून ही दोन मगची पद्धत.

स्टेप ७: ओता. आधी रोलरने एक पातळ सील कोट द्या. पृष्ठभागातली हवा यातच बाहेर पडते. हा थर चिकट असताना, म्हणजे साधारण ४ ते ६ तासांनी, मुख्य थर ओता. नक्की वेळ तुमच्या उत्पादनाच्या लेबलवर असते. ती निघून गेली तर दुसऱ्या दिवशी २२० ने घासून, पुसून मग ओता. मिश्रण मगमध्ये ठेवून विचार करत बसू नका, लगेच ओट्यावर ओता आणि दातेरी पत्र्याने पसरवा.

स्टेप ८: बुडबुडे काढा. हीट गन सतत हलवत वरून फिरवा, बुडबुडे फुटतील. एकाच जागी धरू नका. पट्टीखाली लोंबणारे थेंब पहिल्या तासात दोन-तीनदा काठीने पुसा. मास्किंग टेप इपॉक्सी पूर्ण कडक होण्याआधीच काढा.

स्टेप ९: थांबा. २४ तास हात लावू नका. तीन दिवसांनी हलक्या वस्तू ठेवता येतात. पूर्ण क्युअर व्हायला साधारण ७ दिवस लागतात, काही उत्पादनांना त्याहून जास्त. रंगापासून धरलं तर ओटा दहा-बारा दिवस बंद राहणार. तोपर्यंत टेबलवर इंडक्शन लावायची सोय आधीच करून ठेवा.

## माझी चूक: २:१ चा घोळ

मी थेट ओट्यावर गेलो नाही, आधी प्लायच्या तुकड्यावर प्रयोग केला. लेबलवर २:१ लिहिलं होतं. मी वजनकाट्यावर १०० ग्रॅम रेझिन आणि ५० ग्रॅम हार्डनर घेतलं. मार्बल सुंदर दिसत होता. पण चार दिवसांनीही बोट लावलं की ठसा उमटायचा.

लेबल पुन्हा वाचलं तेव्हा कळलं. २:१ हे प्रमाण आकारमानाचं होतं, वजनाचं नाही. रेझिन जड असतं, घनता साधारण १.१५. हार्डनर हलकं, साधारण ०.९८. म्हणजे आकारमानाने २:१ घेतलं की वजनाने ते २.३० : ०.९८ होतं, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ४३ ग्रॅम. मी ५० घातलं, हार्डनर सहावा हिस्सा जास्त.

तुमच्या उत्पादनाचे आकडे वेगळे असतील, म्हणून माझे आकडे वापरू नका. लेबलवरचं एकक वाचा. प्लायचा तुकडा वाया गेला तर दुःख नाही. तीच चूक ओट्यावर झाली असती तर साडेतीन लिटर चिकट थर खरवडून काढावा लागला असता. म्हणून ओट्याच्या आधी एक फूट प्लायवर पूर्ण प्रक्रिया करून पाहाच.

## पावसाळ्यात हे काम करू नका

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत हार्डनरमधलं अमाइन रेझिनशी जोडलं जाण्याआधी हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करतं. त्यातून वर मेणचट, धुरकट साय येते. याला अमाइन ब्लश म्हणतात. थर कडक झाल्यावर ही साय कोमट पाणी आणि साबणाने धुता येते. पण ती न काढता दुसरा थर दिला तर तो चिकटत नाही.

तापमानही बघा. ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यातल्या विदर्भात मिश्रण ओतायच्या आधीच घट्ट व्हायला लागेल. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत ते दोन दिवस चिकट राहील. २२ ते २८ अंश आणि कोरडी हवा सर्वात चांगली. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्चमधले दिवस यासाठी सोयीचे, पण रात्री फार थंडी पडत असेल तर खिडक्या बंद ठेवा.

## सुरक्षितता: इथे तडजोड नको

- न क्युअर झालेल्या इपॉक्सीची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती आयुष्यभर राहू शकते. नायट्राइल हातमोजे वापरा. हाताला लागलं तर साबण आणि पाण्याने धुवा. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्याने रसायन त्वचेत आणखी आत जातं.
- घासताना उडणाऱ्या धुळीसाठी एन९५ मास्क चालतो. वाफांसाठी तो उपयोगाचा नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. खिडकी उघडी ठेवा, जाळी लावा.
- अनेक व्हिडिओंमध्ये ओल्या इपॉक्सीवर अल्कोहोल फवारून त्यावर गॅस टॉर्च फिरवतात. स्वयंपाकघरात हे अजिबात करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साठून राहतो. अ‍ॅसिटोन वापरतानाही आजूबाजूला ज्योत नको.
- उरलेलं मिश्रण मगमध्ये भरून कचऱ्यात टाकू नका. जुन्या ट्रेमध्ये पातळ पसरवा, कडक झालं की टाका.
- काम चालू असताना लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

## खरा मार्बल की नकली?

गंमत म्हणजे खरा मार्बलही भारतीय स्वयंपाकघरासाठी फार सोयीचा नाही. तो कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे लिंबू, चिंच, कोकम यांच्या आम्लाने त्याची चकाकी जाते. हळदीचा डागही तो शोषतो. इपॉक्सीवर लिंबाचा परिणाम होत नाही आणि छिद्रं नसल्यामुळे डाग आत जात नाहीत. हळद सांडली तर मात्र लगेच पुसा, वरच्या थराला पिवळी झाक येऊ शकते.

उष्णतेच्या बाबतीत दगड जिंकतो. ओरखड्यांच्या बाबतीत ग्रॅनाइट दोघांनाही मागे टाकतो. ओट्यावर सगळं काही थेट ठेवायची आणि कापायची सवय असेल, बजेटही असेल, तर सरळ ग्रॅनाइट बसवा. इपॉक्सी फिनिश त्यांच्यासाठी, ज्यांना ओटा फोडायचा नाही आणि थोडी शिस्त पाळायची तयारी आहे.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इपॉक्सीवर अन्न ठेवणं सुरक्षित आहे का?
बरोबर प्रमाणात मिसळलेलं आणि पूर्ण क्युअर झालेलं इपॉक्सी अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या ठिकाणीही वापरलं जातं. पत्र्याच्या डब्यांना आतून इपॉक्सीचा थर देण्याची पद्धत जुनी आहे. मात्र त्यातून अगदी अल्प बीपीए अन्नात उतरू शकतो, म्हणून अनेक उत्पादक आता दुसऱ्या थरांकडे वळले आहेत. घेताना उत्पादकाने अन्नसंपर्काबद्दल लेखी काय म्हटलं आहे ते पाहा. तसंही आपण कणीक परातीत मळतो आणि पोळी पोळपाटावर लाटतो, ती सवय इथे उपयोगी पडते. भाजी चिरायला पाट किंवा चॉपिंग बोर्ड घ्या.

काही वर्षांनी पिवळं पडतं का?
हो, विशेषतः खिडकीतून थेट ऊन येत असेल तर. यूव्ही स्टॅबिलायझर असलेलं इपॉक्सी घेतलं तर ही प्रक्रिया मंदावते, पण पूर्ण थांबत नाही.

ओरखडे पडले तर?
बारीक ओरखडे पॉलिशने कमी होतात. जास्त असतील तर पूर्ण पृष्ठभाग २२० ने घासून नवा पातळ थर देता येतो. खालची डिझाइन तशीच राहते.

साफ कसं करायचं?
मऊ फडकं आणि सौम्य साबण. तारेची घासणी, घासायची पावडर, अ‍ॅसिड आणि ब्लीच टाळा.

इपॉक्सीऐवजी वॉर्निश चालेल का?
शोभेच्या टेबलसाठी चालेल. ओट्यावरचं रोजचं पाणी आणि घासणं तो फार काळ सहन करणार नाही.

## शेवटी कुकर कुठे ठेवला?

आम्ही ओट्याचे दोन भाग केले. गॅसभोवतीचा तीन फुटांचा भाग कडप्पाच ठेवला, फक्त घासून पुन्हा पॉलिश करून घेतला. सिंक आणि मिक्सरच्या बाजूला पांढरा मार्बल फिनिश दिला. दोन्हींमधली रेघ मास्किंग टेप लावून सरळ ठेवली आणि इपॉक्सीची कड पॉलिश पेपरने गोल केली, म्हणजे हाताला लागत नाही. काळा-पांढरा ओटा मुद्दाम केल्यासारखा दिसतो. इपॉक्सीही जवळजवळ एक तृतीयांश कमी लागलं.

तुम्हीही सुरुवात रंग निवडण्यापासून करू नका. आधी दोन दिवस नुसतं पाहा की तुमच्या घरी गरम भांडं गॅसवरून उतरून नक्की कुठे जातं. त्या जागी खडूने रेघ मारा. मार्बल त्या रेघेच्या पलीकडे.